शेवटच्या सामन्याचा जमाखर्च

अमेरिकेत डिसेंबरच्या मध्याला कॉलेजांच्या फुटबॉलचा एक जादा हंगाम सुरू होतो. खरा हंगाम तोवर आटोपलेला असतो. प्रत्येक संघाचे बारा-बारा सामने खेळून झालेले असतात, कोण वर आणि कोण खाली हे ठरलेलं असतं, आणि मग नाताळच्या आगेमागे व नववर्षाच्या दिवशी आणखी चाळीसच्या आसपास सामने होतात. त्यांना तिकडे ‘बोल’ म्हणतात. बोल म्हणजे वाडगा. आपल्या मराठीत बोलाचा अर्थ निराळा आणि बोल लावण्याचा आणखी निराळा. पण या सामन्यांवरून गेली दहा वर्षं तिकडे जे चाललं आहे, त्यात कोण कोणाला बोल लावतो आहे हेच पाहण्यासारखं आहे.

हा फुटबॉल म्हणजे आपला, पायानं खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचं किंवा तो फेकायचा, आणि समोरच्यानं अंगावर झेप घेऊन पळणाऱ्याला आडवं करायचं. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांवर ढालींसारखे जाड पॅड, आणि त्यांच्या आत शंभर-सव्वाशे किलोची वीस-एकवीस वर्षांची पोरं. ही पोरं कॉलेजचे विद्यार्थी असतात आणि त्यांचे सामने पाहायला साठ-साठ, ऐंशी-ऐंशी हजार माणसं लोटतात. आपल्याकडे कॉलेजच्या सामन्याला खेळाडूंचे चार मित्र आणि एक चहावाला एवढेच हजर असतात, त्यामुळे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ही गोष्ट खरी वाटत नाही.

या प्रकाराची सुरुवात झाली कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावात. तिथं १८९० पासून नववर्षाच्या दिवशी फुलांची मिरवणूक निघे. पूर्वेकडची माणसं बर्फात गारठलेली असताना आमच्याकडे पाहा गुलाब फुललेत, हे जगाला दाखवावं, हा त्यातला सरळ हेतू. १९०२ साली मिरवणुकीच्या जोडीला फुटबॉलचा सामना ठेवला. मिशिगननं स्टॅनफर्डला ४९-० असं झोडपलं आणि वेळ संपायच्या आतच स्टॅनफर्डनं हात टेकले. आयोजकांनी त्याचा इतका धसका घेतला की पुढं काही वर्षं त्यांनी फुटबॉल सोडून चक्क रथांच्या शर्यती लावल्या. फुटबॉल परतला तो १९१६ मध्ये. १९२२ साली तिथं स्टेडियम उभं राहिलं, ‘रोझ बोल’ हे नाव रूढ झालं, आणि मग उबदार हवेच्या प्रत्येक गावाला आपलाही एक बोल असावा असं वाटू लागलं. मायामीचा संत्र्याचा, न्यू ऑर्लिन्सचा साखरेचा, डॅलसचा कापसाचा. हे तिन्ही १९३५ ते १९३७ च्या दरम्यान निघाले.

आपल्याकडे गावच्या यात्रेत शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा फड असतो. यात्रा कमिटी वर्गणी काढते, इनामं लावते, चार पैसे हॉटेलवाल्याला सुटतात, चार पाळणेवाल्याला. बोलचं मूळ तेच आहे. पाहुणे यावेत, हॉटेलं भरावीत, गावाचं नाव व्हावं. फडातल्या मल्लाला मात्र इनाम हातात मिळतं. बोलमध्ये खेळणाऱ्या पोराला सव्वाशे वर्षं ते मिळत नव्हतं.

मी हा सगळा संसार पाहिला तो ॲरिझोनात. माझी मुलगी फीनिक्सजवळ चँडलरला राहते. जावई चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्या भागाचा बोल म्हणजे ‘फिएस्टा बोल’. तो १९७१ साली निघाला. तिथल्या ॲरिझोना स्टेटचा संघ चांगला खेळूनही मोठ्या बोलची आमंत्रणं काही येईनात, तेव्हा स्थानिक मंडळींनी आपलाच एक बोल काढला आणि पहिल्याच सामन्यात आपल्याच संघाला बोलावलं. ॲरिझोना स्टेटनं फ्लॉरिडा स्टेटला ४५-३८ असं हरवलं. पंगतीला बोलावत नाहीत म्हणून स्वतःच पंगत मांडणारी ही माणसं मला एकदम आपलीशी वाटली. पुढं हा बोल वाढत वाढत देशातल्या चार-सहा बड्या बोलांमध्ये जाऊन बसला. आता तो ग्लेनडेलच्या छप्परवाल्या स्टेडियमात होतो. त्या मैदानाची गंमत अशी की हिरवळ एका अजस्र परातीत लावलेली आहे. सामना नसेल तेव्हा ती परात रुळांवरून बाहेर उन्हात नेतात आणि सामन्याच्या आधी आत आणतात.

या खेळाला लोक वेडावतात ते का, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं याच स्टेडियममधला १ जानेवारी २००७ चा सामना पाहावा. त्याची चित्रफीत मला जावयानं दाखवली. एका बाजूला ओक्लाहोमासारखं घरंदाज नाव, दुसऱ्या बाजूला आयडाहो राज्यातलं बॉयझी स्टेट हे तुलनेनं बारकं कॉलेज. बॉयझीनं २८-१० अशी आघाडी घेतली. ओक्लाहोमानं ती भरून काढली, आणि शेवटचं मिनिट उरलं असताना बॉयझीचा चेंडू मध्येच पकडून ३५-२८ अशी आघाडीही घेतली. अठरा सेकंद, शेवटची संधी, आणि जायचंय पन्नास यार्ड. बॉयझीच्या पोरानं चेंडू झेलला, विरोधक त्याच्याकडे धावले, आणि त्यानं तो अलगद शेजारून उलट्या दिशेनं पळणाऱ्या सोबत्याच्या हाती दिला. बरोबरी! जादा वेळेत ओक्लाहोमानं पहिल्याच डावात सात गुण केले. बॉयझीनंही सहा केले, आणि सातवा सोपा गुण घेऊन पुन्हा बरोबरी साधायची सोडून दोन गुणांचा जुगार मांडला. चेंडू फेकणाऱ्यानं उजव्या हातानं फेकल्याचं सोंग केलं आणि पाठीमागे लपवलेल्या डाव्या हातातून तो इयन जॉन्सनच्या हवाली केला. जॉन्सन मोकळ्या कुशीतून आत शिरला. ४३-४२. आणि मग या पठ्ठ्यानं कॅमेऱ्यांसमोर एक गुडघा टेकून आपल्या मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली. ती हो म्हणाली. त्याच वर्षी त्यांचं लग्नही झालं. मी कादंबऱ्या लिहितो. कुठल्याही कादंबरीत मी हा शेवट ठेवला असता तर संपादकानं हस्तलिखित साभार परत केलं असतं.

तेव्हा या बोलांना कुचकामी म्हणणाऱ्यांत मी नाही. त्या पोरांना तो दिवस मरेपर्यंत पुरेल. पण बँकेतल्या बत्तीस वर्षांची खोड अशी की, आनंदाचा प्रसंग पाहिला तरी त्याचा जमाखर्च कोणाच्या वहीत कसा लिहिलाय हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

तर ती वही उघडू. बाराच्या निम्मे, म्हणजे सहा सामने जिंकले की संघ बोलला पात्र ठरतो. बोल भरवणाऱ्या संस्था बहुधा ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या, करमाफी असलेल्या. बरेचसे छोटे बोल तर क्रीडावाहिनीच्याच मालकीचे. वर जाहिरातदारांची नावं. बॉयझीत बटाट्यांचा बोल आहे. शार्लटला मेयोनीजचा आहे, तिथं विजेत्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर मेयोनीजची बादली ओततात. ओर्लँडोच्या सामन्यात २०२३ मध्ये बिस्किटाच्या वेशातला शुभंकर भल्या मोठ्या टोस्टरमध्ये उतरला आणि खालून खऱ्याखुऱ्या खाण्याच्या रूपात बाहेर आला. खेळाडूंनी तो खाल्ला. हसायला ठीक आहे. खेळाडूला या सगळ्यातून काय? तर बोलच्या संस्थेकडून साडेपाचशे डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू. घड्याळ, हेडफोन, पाठीवरची पिशवी. साडेपाचशे ही नियमानं ठरलेली मर्यादा होती, त्याहून एक डॉलर जास्तीचं दिलं तर गुन्हा.

बरं, कॉलेजांना तरी फायदा होतो का? १ जानेवारी २०११ चा फिएस्टा बोल घ्या. कनेक्टिकटचं सरकारी विद्यापीठ पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या बोलला पोचलं. आमंत्रणाबरोबर अट अशी, की साडेसतरा हजार तिकिटं विद्यापीठानं स्वतः उचलायची. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सुट्टीच्या दिवसांत, महागड्या विमानानं जाणार किती जण? जे निघाले त्यांनीही इंटरनेटवर तिकिटं स्वस्त मिळतात हे पाहून ती तिथंच घेतली. उरलेली तिकिटं विद्यापीठाच्या गळ्यात पडली आणि पंधरा लाखांहून अधिक डॉलरचा खड्डा पडला. हमी देणाऱ्याचं हे असंच होतं. जामीनदार म्हणून सही करायला आलेल्या माणसाला मी शाखेत नेहमी एकच सांगायचो, की बाबा रे, कर्ज तूच घेतलंस असं समजून सही कर.

सामना कनेक्टिकट ४८-२० असा हरलं. त्याहून वाईट पुढंच आहे. संघ विमानानं घरी निघाला तेव्हा प्रशिक्षक रँडी एड्सल विमानात नव्हते. बारा वर्षं त्यांनी तो संघ घडवला होता. ते तिथूनच मेरीलँड विद्यापीठाची नोकरी धरायला गेले होते, आणि पोरांना ही बातमी फोनवरून कळली. यात बेकायदा काही नाही. चांगली नोकरी मिळाली, माणूस गेला. मी फक्त नोंद करून ठेवतो, कारण ती पुढं लागणार आहे.

आणि तिसरी नोंद त्याच वर्षाच्या मार्चमधली. फिएस्टा बोलच्या संस्थेचा चौकशी अहवाल बाहेर आला. संस्थेच्या प्रमुखाच्या वाढदिवसाची तेहतीस हजार डॉलरची मेजवानी, सभ्य घरात नाव घेऊ नये अशा ठिकाणचं बाराशे डॉलरचं बिल, आणि कर्मचाऱ्यांना राजकीय पुढाऱ्यांना देणग्या द्यायला लावून त्या संस्थेच्या पैशातून गुपचूप भरून देणं. हे सगळं ना-नफा संस्थेच्या खात्यातून! प्रमुखाला काढलं, पुढं त्याला शिक्षाही झाली, आणि संस्थेला दहा लाख डॉलरचा दंड बसला. मी शाखांची तपासणी करत फिरलेला माणूस आहे. व्हाउचर पाहून मला हसू आलं नाही. साडेपाचशे डॉलरची ती मर्यादा आठवली.

आमच्या बँकेतली एक गोष्ट सांगतो. तेव्हा संगणक नव्हते, वर्षअखेरीला ३१ मार्चच्या रात्री सगळी शाखा पहाटेपर्यंत खपायची. एका वर्षी आमच्या हेड कॅशियरच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात ठरलं होतं. त्यांनी रजा मागितली. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवून बँक ही आपली आई आहे, आईला अडचणीच्या दिवशी सोडून जायचं नसतं, असं अर्धा तास समजावलं. कॅशियर भले गृहस्थ. थांबले, ऑपरेशन पुढं ढकललं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साहेब वशिला लावून आपल्या गावाजवळच्या शाखेत बदली घेऊन गेले. कॅशियरच्या डोळ्याचं पुढं फारसं चांगलं झालं नाही. साहेब वाईट नव्हते. आई वगैरे म्हणताना त्यांचा गळा खरोखरच दाटला होता.

आता १ जानेवारी २०१६. पुन्हा ग्लेनडेल, पुन्हा फिएस्टा बोल. नोटर डेम विरुद्ध ओहायो स्टेट. राष्ट्रीय अजिंक्यपदाशी या सामन्याचा संबंध नव्हता. नोटर डेमकडून जेलन स्मिथ खेळत होता. बचावफळीतला, वय वीस, त्या वर्षी त्याच्या जागेवर खेळणाऱ्यांत देशात सर्वोत्तम म्हणून मानाचा बटकस पुरस्कार मिळवलेला. व्यावसायिक क्लब दर वसंतात कॉलेजच्या पोरांची क्रमवार निवड करतात, तिला ड्राफ्ट म्हणतात. जितका वरचा क्रमांक तितका मोठा करार. स्मिथ पहिल्या पाचांत जाईल असं जाणकार सांगत होते. सामन्याच्या पहिल्याच भागात ओहायोच्या एका धिप्पाड गड्यानं त्याला धक्का दिला, पाय जमिनीत रुतला आणि डावा गुडघा भलत्याच दिशेला वळला. दोन अस्थिबंध फाटले. त्याहून गंभीर म्हणजे मज्जातंतूला इजा झाली, पाऊल वर उचलता येईना.

एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये तो चौतिसावा गेला. डॅलसच्या क्लबनं घेतलं, तेही धाडस करूनच. पहिल्या पाचांतल्या मुलाला चार वर्षांचे दोन कोटी डॉलरच्या वर मिळतात. स्मिथचा करार पासष्ट लाखांच्या आसपासचा झाला. त्यानं विमा उतरवला होता, त्याचे नऊ लाख मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. त्या सामन्याचं प्रायोजकत्व अडथळ्यांच्या शर्यती भरवणाऱ्या बॅटलफ्रॉग नावाच्या एका कंपनीकडे होतं. तिनं त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपल्या शर्यती गुंडाळल्या.

त्या विम्याविषयी थोडं सांगतो, कारण मला त्यात सगळ्यात जास्त रस वाटला. कॉलेजच्या नामांकित खेळाडूला दोन प्रकारचा विमा मिळतो. एक कायमच्या अपंगत्वाचा. दुसरा किंमत घटल्याचा. म्हणजे आधी तज्ज्ञांच्या अंदाजावरून ठरवायचं, की हा मुलगा अमुक क्रमांकावर जाईल. दुखापतीमुळे तो ठरलेल्या रेषेच्या खाली घसरला तर कंपनी भरपाई देणार. हप्ता हजारो डॉलरचा. मुलाला पगार नाही, मग हप्ता भरायचा कसा? कॉलेजांच्या खेळांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एनसीएएच्या नियमांत यासाठी एक सवलत होती. भावी कमाईच्या भरवशावर मुलगा या विम्यासाठी कर्ज काढू शकत होता. घर गहाण ठेवून घेतलेली कर्जं मी पाहिली, सोनं पाहिलं, उभा ऊस पाहिला. विशीतल्या पोराचा शाबूत गुडघा हे तारण मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि मजा म्हणजे, जी व्यवस्था म्हणत होती की हा निव्वळ हौशी विद्यार्थी आहे, त्याच्या खेळाला बाजारभाव नाही, तिच्याच नियमांत हे कर्ज बसत होतं.

स्मिथचा गुडघा सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लुइझियाना स्टेटचा लेनर्ड फोर्नेट आणि स्टॅनफर्डचा क्रिश्चन मॅकॅफ्री या दोन नावाजलेल्या खेळाडूंनी जाहीर केलं, की आम्ही आमच्या संघाचा बोल खेळणार नाही, ड्राफ्टची तयारी करणार. गहजब झाला. सोबत्यांना वाऱ्यावर सोडलं, कॉलेजचं खाल्लं आणि पाठ फिरवली, आजकालच्या पोरांना निष्ठा कशी ती नाही. ही भाषा आपल्याही ओळखीची आहे. पुढच्या वसंतात फोर्नेट चौथा आणि मॅकॅफ्री आठवा निवडला गेला. मधल्या काळात, ३० डिसेंबरच्या ऑरेंज बोलमध्ये मिशिगनच्या जेक बटचा गुडघा गेला. तो खेळला होता. तो पाचव्या फेरीपर्यंत घसरला.

बोल लावणाऱ्यांनी प्रशिक्षकांना कधी इतकं धारेवर धरलेलं मला दिसलं नाही. स्मिथ ज्यांच्या हाताखाली तो सामना खेळला ते ब्रायन केली २००९ मध्ये सिनसिनाटीचा संघ त्याच्या शुगर बोलच्या तोंडावर सोडून नोटर डेमला आले होते. २०२१ च्या नोव्हेंबरअखेरीस ते नोटर डेमलाही तसेच सोडून लुइझियाना स्टेटला गेले. त्यानंतरचा नोटर डेमचा सामना कुठला होता? १ जानेवारी २०२२ चा फिएस्टा बोल! नोटर डेम २८-७ वरून ३७-३५ असं हरलं. प्रशिक्षकांच्या बाबतीत लोक म्हणतात, हा धंदा आहे. मुलांच्या बाबतीत म्हणतात, ही निष्ठा आहे. एकाच सामन्याला दोन वह्या ठेवल्या तर बँकेत त्याला काय म्हणतात हे मी इथं लिहीत नाही.

माझा कल कुणीकडे हे आता वाचकांच्या लक्षात आलं असेल. पण माझ्या नातवाला ते मान्य नाही. २०२३ च्या डिसेंबरात मी चँडलरला होतो. तो तेव्हा पंधराचा, शाळेच्या संघात खेळायचा. ३० तारखेला आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. फ्लॉरिडा स्टेटचा संघ त्या मोसमात तेराच्या तेरा सामने जिंकला होता, पण त्यांच्या मुख्य खेळाडूचा पाय नोव्हेंबरात मोडला, आणि निवड समितीनं ठरवलं की त्याच्याशिवाय हा तोच संघ राहिला नाही. अजिंक्यपदाच्या चौघांत त्यांना घेतलंच नाही, ऑरेंज बोलमध्ये पाठवलं. वीसहून अधिक खेळाडू तो सामना खेळलेच नाहीत. जॉर्जियानं उरलेल्यांना ६३-३ असं चिरडलं. नातू चिडला होता. “आजोबा, जे उरले त्यांचं काय? ते नवे मुलगे मार खातायत ना त्यांच्यामुळे.”

मी त्याला विमा समजावला, ड्राफ्ट समजावला, स्मिथचा गुडघा सांगितला. तो शांतपणे म्हणाला, “स्मिथनं नंतर काय सांगितलं ते माहितेय तुम्हाला?”

मला माहीत नव्हतं. त्यानं शोधून दाखवलं. फोर्नेट आणि मॅकॅफ्रीवर टीका चालली होती तेव्हा स्मिथनं त्या दोघांबद्दल आदर व्यक्त केला होता, आणि वर म्हटलं होतं, की काय होणार हे आधी कळलं असतं तरी मी तो सामना खेळलोच असतो. हे म्हणताना तो एकही सामना न खेळता वर्षभर पायाला आधार बांधून वावरत होता. नंतर तो परतला, चांगला खेळला, २०१९ मध्ये त्याला सहा कोटी डॉलरच्या वरचा नवा करारही मिळाला, आणि २०२१ मध्ये डॅलसनं त्याला मोकळंही केलं. पण ते सगळं पुढचं. ते वाक्य लिहिलं तेव्हा त्याच्या खात्यात फक्त तोटा होता.

माझ्यातल्या बँकवाल्याकडे यावर उत्तर नाही. कादंबरीकाराला मात्र हा मुलगा फार जवळचा वाटतो. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही दोघं निष्ठेवर बोला. दर वर्षी संमतीच्या फॉर्मवर सही मी करते.”

दोनच दिवसांनी आम्ही तिघं ग्लेनडेलला फिएस्टा बोल पाहायला गेलो. ऑरेगॉनचा बो निक्स खुशाल घरी बसू शकला असता, त्याची निवड होणार हे ठरल्यासारखंच होतं. तो खेळला. पाच वेळा त्यानं असा चेंडू फेकला की झेलणारा थेट गुणरेषेपलीकडे. ऑरेगॉननं लिबर्टीला ४५-६ असं हरवलं. सामना एकतर्फी, पण माझा नातू शेवटपर्यंत उभा होता. निक्स दर वेळी जमिनीवर पडला की मी त्याच्या गुडघ्याकडे बघत होतो, हेही खरं.

दरम्यान चित्र पालटत गेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या जूनमध्ये एनसीएएच्या विरोधात एकमतानं निकाल दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छायाचित्रावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयानं एक मोठी तडजोड मंजूर केली. मागच्या खेळाडूंना भरपाई म्हणून अदमासे दोनशे ऐंशी कोटी डॉलर, आणि इथून पुढं प्रत्येक कॉलेजला आपल्या खेळाडूंना पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट वाटता येतील. अजिंक्यपदाची स्पर्धाही २०२४ पासून बारा संघांची झाली. फिएस्टासारखे बडे बोल तिच्यात सामावले गेले, म्हणून तिथं आता सहसा कोणी गैरहजर राहत नाही. बाकीचे बोल लोंबकळत आहेत. पैसे घेऊन खेळणाऱ्यानं ठरलेला सामना खेळावा, ही मागणी मला रास्त वाटते. जुन्या साहेबांनाही मी हेच म्हणालो असतो, की आईचं राहू द्या, जादा कामाचा भत्ता आणि डोळ्याच्या ऑपरेशनचा खर्च कागदावर लिहा, मग रात्रभर थांबायला सांगा.

आणि मग २०२५ चा डिसेंबर आला. नोटर डेमनं बारांपैकी दहा सामने जिंकले होते, तरी बाराच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. ७ डिसेंबरला त्यांनी जाहीर केलं, की आम्ही यंदा कुठलाच बोल खेळणार नाही. एक-दोन खेळाडू नव्हेत, अख्खा संघ! ज्या मैदानावर जेलन स्मिथचा गुडघा गेला, तिथं तो याच कॉलेजचा गणवेश घालून उतरला होता. दहा वर्षांपूर्वी ‘आमच्यापुरता हंगाम संपला’ असं एकट्या पोरानं म्हटलं तर तो स्वार्थी ठरत होता.

मी लगेच चँडलरला फोन लावला. नातू आता सतराचा आहे, त्याच्या शाळेचा शेवटचा मोसम नोव्हेंबरात संपला. म्हटलं, तुझं आता काय म्हणणं? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सगळ्यांनी मिळून ठरवलं ना आजोबा, ते वेगळं.”

“आणि ज्याला खेळायचं होतं त्याचं काय?”

“असेल कोणीतरी,” तो म्हणाला. ऑक्टोबरात त्याचा घोटा मुरगळला होता, त्याची मी चौकशी केली. बरा आहे म्हणाला, जिने चढताना थोडा दुखतो, पण आईला सांगू नका. आणि फोन आईकडे दिला.